सैन्य परतले, राखण कोणाची?

इराकवरील २००३ च्या हल्ल्यास पोप दुसरे जॉन पॉल ह्यांचा उघड विरोध होता. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सैन्य तेथून परतले आणि लढाईची सारी जबाबदारी अमेरिकेनेच शिकवून, शस्त्रे देऊन उभ्या केलेल्या इराकी सेनेवर आली. जून २०१४ मध्ये इसिसच्या तुलनेने लहान टोळ्यांपुढे हीच सेना गणवेश टाकून मोसुलमधून पळाली. पन्नास हजार सैनिक केवळ पगारपत्रकावरच होते, हे त्याच वर्षी पंतप्रधान हैदर अल-अबादी ह्यांनी जाहीर केले!

तरीही आम्हांस वाटते, तुटवडा शस्त्रांचा नव्हता, विश्वासाचा होता. अल-कायदाशी लढलेल्या सुन्नी टोळ्यांना सरकारी नोकरीचे वचन दिले होते. बगदादच्या शियाप्रधान सरकारने ते पुरते पाळले नाही. मोसुलच्या सुन्नी रहिवाशांना स्वदेशाची सेनाच परकी वाटू लागली.

ह्या साऱ्या हिशेबात ख्रिस्ती बांधव कोणाच्याच खात्यात नव्हते. जुलैत मोसुलमधील त्यांच्या घरांवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगवले गेले: धर्म बदला, जिझिया भरा, निघून जा, नाहीतर मरा. ६ ऑगस्टच्या रात्री काराकोशची राखण करणारे कुर्दी पेशमर्गाही माघारी फिरले. हजारो कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी एर्बिलकडे निघाली; चर्चच्या आवारांत त्यांनी तंबू ठोकले.

मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी मोसुलच्या भग्न चर्चच्या चौकात प्रार्थना केली. काराकोशला बरीच कुटुंबे परतली आहेत. मोसुलला मात्र मोजकीच.