चित्राला आवाजाची जोड हवीच

मा. संपादक,

ऑनलाइन पाठातील निवेदन ही निव्वळ सजावट आहे, हे गेल्या अंकातील मत पटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचा दाखला लेखकाने अर्धाच दिला. पडद्यावरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये, हे मेयर सांगतात खरे. पण चित्राचे स्पष्टीकरण लिहून देण्यापेक्षा बोलून द्यावे, हेही त्यांचेच म्हणणे. हृदयाच्या झडपा उघडताना दिसत असतील, तर विद्यार्थ्याचे डोळे आकृतीवर हवेत. रक्त कोणत्या कप्प्यातून कुठे चालले, ते कानांवर पडावे. नवे पारिभाषिक शब्द तेवढे पडद्यावर राहू द्यावेत. ध्वनिमुद्रणाचा खर्च होतो, मान्य. म्हणून आवाजच काढून टाकायचा? ऐकू न येणाऱ्यांसाठी लेखी संहिता मात्र प्रत्येक पाठाला जोडलीच पाहिजे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा