मोजल्याने किरणोत्सर्ग वाढत नाही

दिल्ली हाटच्या मागे पसरलेल्या लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतीत किरणोत्सर्गाचे सर्वेक्षण करावे, असे नुसते सुचवून पाहा. तीन आक्षेप ठरलेले. पहिला, इथे ना अणुभट्टी ना कारखाना, मग मोजायचे काय? दुसरा, यंत्रे घेऊन माणसे फिरू लागली की लोक उगाच घाबरतील. तिसरा, अणुऊर्जा नियामक मंडळ आहे ना? त्याने स्रोतांवर लक्ष ठेवावे, गल्ल्या कशाला हिंडायच्या? तिन्ही आक्षेप वरवर समंजस आहेत. पण 2010 साली याच शहरात जे घडले, त्यापुढे त्यांतला एकही टिकत नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडातून आणलेला, किरणोत्सारी कोबाल्ट-60 वर चालणारा एक गॅमा सेल, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरण सोडण्याचे यंत्र, होता. 1985 नंतर तो वापराविना पडून राहिला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये भंगार म्हणून लिलावात निघाला. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या बाजारात त्याचे शिशाचे कवच फोडले गेले, आतला कोबाल्ट सुटा झाला आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या हातांत गेले. एकाने तर त्यातला एक तुकडा पाकिटात घालून खिशात बाळगला. माणसांची कातडी काळवंडली, केस गळू लागले, तेव्हा ती दवाखान्यात गेली. एप्रिलमध्ये रुग्णालयाकडून मंडळाला खबर मिळाली आणि मगच बाजारात यंत्रे आली. 26 एप्रिलला एक कामगार दगावला. आणखी सात जणांना इजा झाली. आण्विक दुर्घटनांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीवर ही दुर्घटना चौथ्या पायरीची ठरली. लिलावापासून पहिल्या खबरेपर्यंत महिन्याहून अधिक काळ गेला, आणि तेवढ्या काळात धोका ओळखणारे एकमेव ‘यंत्र’ होते माणसाचे शरीर.

आता पहिला आक्षेप घेऊ. मायापुरीतही अणुभट्टी नव्हती. स्रोत विद्यापीठातला, लिलाव कागदोपत्री रीतसर, आणि माणूस मेला तो भंगारातला. भंगाराला वसाहतीची हद्द ठाऊक नसते. शिवाय ते वितळते. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडला. माग काढता काढता तो आपल्या खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत पोहोचला. मेक्सिकोतल्या हुआरेझमध्ये किरणोपचाराचे जुने यंत्र भंगारात गेले आणि त्याच्या कोबाल्टसकट बांधकामाच्या सळया तयार झाल्या. ते उघडकीस आले 1984 च्या जानेवारीत, तेही एक ट्रक चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शोधयंत्राजवळून गेला म्हणून. तैपेईत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दूषित सळयांनी उभ्या राहिलेल्या इमारतींचा पत्ता 1992 मध्ये लागला. तोवर तिथे संसार थाटून वर्षे लोटली होती. तिथेही ना भट्टी होती, ना कारखाना. होती ती साधी बिऱ्हाडे.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून त्याचे वजनही पाहू. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले. मायापुरीचा गॅमा सेल त्याच्या कितीतरी आधी देशात आला होता. मंडळाची नोंदवही उघडण्यापूर्वीच जे आले, ते तिच्यात सापडेल याची खात्री कोणी द्यावी? कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे, म्हणजे चार दशकांत त्याची ताकद दोनशेव्या हिश्शाच्या आसपास येते. तेवढ्यानेही जीव गेला. नोंदवही हवीच, पण नोंदवही फक्त जे नोंदले आहे त्याचीच राखण करते. सर्वेक्षण न नोंदलेल्याला शोधते. एक दुसऱ्याला पर्याय नाही.

राहिला दुसरा आक्षेप, घबराटीचा. थर्मामीटर लावल्याने ताप चढत नाही. ब्राझीलच्या गोयानियात 1987 साली बंद पडलेल्या दवाखान्यातला सीझियम-137 भंगारात गेला, चार माणसे दगावली. शहर हादरले. तेव्हा स्टेडियममध्ये सुमारे 1,12,000 लोकांची तपासणी झाली आणि दूषित आढळले 249. बाकी सगळ्यांना आपण सुरक्षित आहोत हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तपासणी. लोक घाबरतात ते आकड्याला नव्हे, आकडा लपवला जाईल या शंकेला.

मात्र सर्वेक्षणाच्या नावाखाली काहीही चालवून घ्यावे, असेही नाही. ऑनलाइन मागवलेले यंत्र घेऊन कोणी जिना चढावा, ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ काटा थोडा सरकला की व्हॉट्सॲपवर बोंब ठोकावी, हे सर्वेक्षण नव्हे. ग्रॅनाइटमध्ये नैसर्गिक किरणोत्सर्ग थोडा असतोच. मोबाइल टॉवरची भीती तर या हिशेबात बसतच नाही. त्या लहरी वेगळ्याच जातीच्या. उलट लक्ष्मीबाई नगरापासून जवळच एम्स आणि सफदरजंग ही रुग्णालये आहेत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेला रुग्ण शेजारून गेला तरी संवेदनशील यंत्र वाजते. म्हणून नुसता काटा पुरेसा नाही, ऊर्जा ओळखणारे यंत्र हवे. कोबाल्ट-60 ची सही दोन रेषांची, 1.17 आणि 1.33 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, मातीतल्या नैसर्गिक पोटॅशियमची रेष 1.46 वर. हा फरक वाचता येणाराच माणूस रस्त्यावर उतरावा.

कामाची रीतही अवघड नाही. सोडियम आयोडाइडचा शोधक बसवलेली गाडी गल्लीगल्लीतून सावकाश न्यायची, प्रत्येक ठिकाणची नोंद नकाशावर चढवायची. जिथे आकडा नेहमीपेक्षा चढा दिसेल तिथे उतरून हातातल्या यंत्राने पायी तपासायचे. पहिल्या फेरीत निष्पन्न होतो तो साध्या दिवसाचा आधार-नकाशा. तो हातात नसेल तर उद्या आकडा चढला हे कळणार कशावरून? त्यानंतर घरोघर हिंडण्याची गरज नाही. भंगार जिथे जमते, तुटते, वितळते, तिथे पहारा कायम ठेवावा: भंगारबाजाराच्या तोंडाशी, वसाहतीच्या कचराकुंडीपाशी, ओतशाळांच्या फाटकावर. क्वार्टर बदलताना, दुरुस्तीच्या वेळी जे सामान बाहेर पडते त्याची वाट हीच.

लक्ष्मीबाई नगरात पहिल्या फेरीत बहुधा काही सापडणार नाही. तेवढ्यावरून खर्च वाया गेला असे म्हणणाऱ्याने विम्याचा हप्ताही वाया गेला म्हणावे. मंडळाने आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने मोजावे, महापालिकेने वाट दाखवावी, आणि आकडे वसाहतीच्या सूचनाफलकावर साध्या भाषेत लावावेत. मोजल्यावर मिळालेले ‘काही नाही’ हे उत्तर असते. न मोजता म्हटलेले ‘काही नाही’ हा अंदाज असतो. मायापुरीत अंदाजावर भागले नाही.