बुडी आणि बुडणे : आमच्या आवडत्या पाणबुड्यांविषयी

मराठीच्या मास्तरांनी पाणबुड्यांवर लिहावे हा काहींना अव्यापारेषु व्यापार वाटेल. पाणबुड्यांवर अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी वेगळी असतात. ती टनभार, खोली, वेग आणि टॉर्पेडोंची संख्या यांच्या भाषेत बोलतात. त्या भाषेत आम्हांला गती नाही. परंतु 'जगातील सर्वश्रेष्ठ पाणबुड्या' अशा थाटाच्या याद्या वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. यादीतले आकडे पान उलटताच विसरतात, आणि मनात घर करून राहतात त्या पाणबुड्या पुष्कळदा यादीत खूप खाली असतात किंवा नसतातच. श्रेष्ठ असणे आणि संस्मरणीय असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगायला नको.

मग पाणबुडी स्मरणात राहते ती कशामुळे? आमच्या मते, तिच्यातून वर आलेल्या साक्षीमुळे. ही साक्ष कधी एखाद्या वस्तूची असते, कधी चिठ्ठीची, कधी फार उशिरा बोललेल्या माणसाची. कधी ती मिळतच नाही. तेव्हा तिची रिकामी जागा बळकवायला दंतकथा टपून बसलेल्या असतात.

आपल्या भाषेने या यंत्राला दिलेले नाव या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. 'पाणबुडी' हा शब्द यंत्राच्या आधी पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्याचा. 'बुडी मारणे' आणि 'बुडणे' यांत मराठी नेमका भेद करते. बुडी मारणारा वर येणार असतो, बुडालेला येत नाही. या दोन क्रियापदांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पाणबुडीचे सारे आयुष्य जाते. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत आणलेल्या जूल व्हर्नलाही हे उमगले असावे. त्याच्या कप्तानाचे नाव 'नेमो', म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणीही नाही'. आणि 'नॉटिलस'ची हकीकत आपल्याला कळते ती केवळ प्राध्यापक आरोनाक्स तिच्यातून जिवंत निसटतो म्हणून. निवेदक वाचला नसता तर कादंबरीच झाली नसती. खऱ्या पाणबुड्यांना असा निवेदक क्वचितच लाभतो.

आमच्या आवडीतली पहिली पाणबुडी 'हन्ली'. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांनी बांधलेली ही सुमारे बारा मीटर लांबीची लोखंडी नळी. तिला इंजिन नव्हते. सात माणसे हाताने दांडा फिरवत आणि आठवा सुकाणू धरी. सरावातच ती दोनदा बुडाली आणि तेरा माणसे गेली. ज्याचे नाव तिला दिले होते तो होरेस हन्लीही त्यांत होता. तरीही तिच्यात शिरायला पुन्हा आठ माणसे तयार झाली. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्स्टनच्या बंदराबाहेर तिने 'हाउसाटॉनिक' ही युद्धनौका बुडवली. शत्रूचे जहाज बुडवणारी ती जगातील पहिली पाणबुडी. त्या रात्री तीही परतली नाही.

तिचा कप्तान जॉर्ज डिक्सन. त्याच्याविषयी एक आख्यायिका होती. शायलोच्या लढाईत त्याला लागलेली गोळी खिशातल्या सोन्याच्या नाण्यावर आदळली आणि तो वाचला. ते नाणे त्याच्या प्रेयसीने दिलेले होते, असे सांगत. कोणताही समंजस वाचक ही कथा भाबडी म्हणून बाजूला ठेवील. १९९५ साली 'हन्ली' सापडली, २००० साली वर काढली गेली आणि २००१ मध्ये तिच्यातल्या गाळात डिक्सनच्या अवशेषांजवळ ते नाणे मिळाले. गोळीच्या आघाताने वाकलेले. मागच्या बाजूला लढाईचे नाव, ६ एप्रिल १८६२ ही तारीख आणि त्याची आद्याक्षरे कोरलेली. आख्यायिकेचा अर्धा भाग एका क्षणात इतिहास झाला. नाणे कोणी दिले, ते मात्र नाणे सांगत नाही. वस्तूची साक्ष अशीच असते, पक्की पण अपुरी. उरलेल्या माणसांचे सांगाडे आपापल्या जागी, दांड्यापाशीच होते. कोणी दाराकडे धावल्याची खूण नव्हती.

येथे एक आक्षेप येईल. 'हन्ली' गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूची होती आणि तिने 'हाउसाटॉनिक'वरील पाच माणसे मारली. तिच्याविषयी जिव्हाळा कसा बाळगायचा? आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. परंतु कर्णाविषयी मराठी वाचकाला इतका ओढा असतो म्हणून तो कौरवांचा पक्षपाती ठरत नाही. पक्ष चुकीचा होता हे ठामपणे म्हणूनही दांड्यापाशी बसून राहिलेल्या आठ माणसांकडे पाहता आले पाहिजे. तसे पाहता येत नसेल तर शोकांतिका शिकवणेच बंद करावे लागेल.

दुसरी पाणबुडी 'कुर्स्क'. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात सराव चालू असताना तिच्या पुढच्या भागात एका टॉर्पेडोचा स्फोट झाला. दोन मिनिटांनी त्याहून कितीतरी मोठा दुसरा. ती जेथे तळाला टेकली तेथे पाण्याची खोली १०८ मीटर होती आणि तिची स्वतःची लांबी सुमारे १५४ मीटर. म्हणजे तिला तेथे उभी केली असती तर एक टोक पाण्याबाहेर राहिले असते. इतक्या उथळ पाण्यात ११८ माणसे गेली. परदेशी मदत घ्यायला रशियाच्या राज्यकर्त्यांनी लावलेला विलंब आणि त्या दिवसांतली उलटसुलट सरकारी निवेदने जगाने पाहिली. नॉर्वेच्या पाणबुड्यांनी झडप उघडली तेव्हा नऊ दिवस लोटले होते.

ऑक्टोबरमध्ये मृतदेह काढताना कॅप्टन-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकोव याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. तेवीस माणसे मागच्या नवव्या कक्षात गोळा झाली आहेत असे तीत होते. त्या तेवीस जणांची नावे होती, पत्नीसाठी चार शब्द होते, आणि पुढे, आता अंधारात चाचपडत लिहीत असल्याचे नमूद केले होते. सत्तावीस वर्षांच्या त्या अधिकाऱ्याने काय केले, तर हजेरी घेतली. आम्ही रोज वर्गात जे काम यांत्रिकपणे उरकतो तेच त्याने समुद्राच्या तळाशी केले; आणि त्यामुळे सारे जण एका स्फोटात क्षणार्धात गेले असे म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही. त्या मजकुराला शैली नाही, अलंकार नाही, आणि तो साहित्य आहे की नाही हा वाद घालण्यात आम्हांला रस नाही. लेखनाचे पहिले काम नावे टिकवणे हे आहे, एवढे मात्र त्यावरून कळते.

जेथे अशी चिठ्ठी मिळत नाही तेथे काय होते? त्यासाठी आपल्याच किनाऱ्याकडे वळू. १९७१ च्या युद्धात ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास पाकिस्तानची 'गाझी' विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. मुळात ती 'डायब्लो' नावाची अमेरिकन पाणबुडी. १९६४ मध्ये पाकिस्तानकडे आली. तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही. भारतीय नौदलाच्या मते 'राजपूत' या विनाशिकेने टाकलेल्या जलसुरुंगांनी ती बुडाली. पाकिस्तानच्या मते अपघाताने, तिच्याच स्फोटकांमुळे. साक्षीदार नाही, त्यामुळे दोन्ही देशांनी आपापले कथानक तयार केले, आणि २०१७ साली त्यावर चित्रपटही निघाला. चित्रपटाला जे हवे ते त्याने घेतले. त्यात वावगे काही नाही. मात्र आमचे विद्यार्थी त्यालाच इतिहास समजून चालतात तेव्हा चिंता वाटते.

याच युद्धातल्या 'हंगोर'ची गोष्ट याच्या उलट आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे वाचलेल्यांनी येऊन सांगितले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आज 'हंगोर' कराचीच्या सागरी संग्रहालयात विजयचिन्ह म्हणून उभी आहे आणि दीवच्या किनाऱ्यावर 'खुकरी'चे स्मारक आहे. एकाच टॉर्पेडोची ही दोन वाचने. दोन्हींना साक्षीदार आहेत, म्हणून दोन्हीही खोटी ठरवता येत नाहीत. पाणबुडी आवडणे ही सोपी गोष्ट नाही, कारण तिच्या प्रत्येक यशाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी बुडणे असते. आम्ही दीवच्या बाजूचे आहोत, हे सांगायला आम्हांला संकोच नाही. पण कराचीतल्या त्या सांगाड्यापुढेही वाचक म्हणून थांबावे लागते.

आता ज्या पाणबुडीने कोणालाच बुडवले नाही, तिच्याविषयी. क्यूबाच्या पेचप्रसंगात, २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, अमेरिकन विनाशिकांनी सोव्हिएत 'बी-५९' ला घेरले आणि ती वर यावी म्हणून इशाऱ्याचे छोटे स्फोट केले. आत बॅटऱ्या संपत आलेल्या, हवा कोंदलेली, तापमान ४५ अंशांच्या वर आणि मॉस्कोशी संपर्क नाही. वर युद्ध सुरू झाले आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आणि तिच्यावर अण्वस्त्र बसवलेला एक टॉर्पेडो होता. कप्तान सावित्स्की संतापून तो सज्ज करायला निघाला, तेव्हा त्याच पाणबुडीवर असलेल्या वासिली अर्खिपोव या अधिकाऱ्याने त्याला शांत केले, असे तिच्यावरचा अधिकारी वादिम ओर्लोव याने सांगितले. ही हकीकत जगापुढे आली ती २००२ मध्ये, चाळीस वर्षांनी. अर्खिपोव १९९८ मध्येच वारले होते. अन्य निवेदनांत तो कठीण क्षण पाणबुडी वर आल्यानंतरच्या गोंधळातला दिसतो. निवेदक बदलला की कथानकाचा उत्कर्षबिंदू सरकतो, हे आम्ही कादंबरीच्या तासाला शिकवतो. येथे त्या सरकण्यावर जगाच्या नशिबाची कथा अवलंबून आहे. मात्र शेवटाविषयी वाद नाही. टॉर्पेडो सुटला नाही आणि 'बी-५९' वर आली. न घडलेल्या गोष्टीसाठी स्मरणात राहिलेली अशी दुसरी पाणबुडी आम्हांला ठाऊक नाही.

'बी-५९' ज्या 'फॉक्सट्रॉट' वर्गातली, त्याच वर्गातल्या पाणबुड्यांनी भारतीय नौदलाच्या पाणबुडी दलाची सुरुवात झाली. १९६७ मध्ये 'कलवरी' आली, १९६८ मध्ये 'खांदेरी'. हे दुसरे नाव मराठी कानाला ओळखीचे आहे. अलिबागजवळच्या थळसमोरील या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांचा विरोध पत्करून किल्ला बांधायला घेतला. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. पहिली 'खांदेरी' १९८९ मध्ये निवृत्त झाली. त्याच नावाची नवी पाणबुडी माझगाव गोदीत बांधली गेली आणि २०१९ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली.

खांदेरीच्या वेढ्याविषयी मराठीत पुष्कळ वाचायला मिळते. पहिल्या 'खांदेरी'च्या पोटात दिवस कसा जाई, हे मात्र आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती ठेवावे असे फारसे काही आढळत नाही. सूर्य न दिसता रात्र झाल्याचे कसे ओळखत? डिझेलचा वास अन्नात कसा उतरे? गोडे पाणी कसे पुरवून वापरत? सुट्टीवर घरी आल्यावर काय सांगत आणि काय गिळून टाकत? नौदलाची गुपिते नौदलापाशी राहोत. खोलीचे आणि वेगाचे आकडे आम्हांला नकोत. हे बाकीचे कोणत्याही गोपनीयतेच्या कायद्यात बसत नाही, फक्त कोणी विचारलेले नाही. कोकणातून नौदलात गेलेल्यांची परंपरा जुनी आहे. पहिल्या पाणबुड्यांवर ऐन तारुण्यात चढलेल्यांनी आज ऐंशीच्या घरात पाऊल टाकलेले असणार.

दरवर्षी आमच्याकडे एम. ए.चे विद्यार्थी प्रकल्पाला विषय मागायला येतात आणि त्याच त्या कादंबऱ्यांवरचे तेच ते विषय घेऊन जातात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी यंदा एक करून पाहावे. आपल्या तालुक्यातल्या निवृत्त पाणबुडी-सैनिकांची नावे काढावीत, त्यांच्या ओटीवर जाऊन बसावे आणि ते सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. कोलेस्निकोवने अंधारात केले तेवढे तरी आपल्याला उजेडात करता यावे : कोण कोण होते, त्यांची नावे लिहून ठेवणे.