आठ पायांची आई

घराच्या कोपऱ्यात कोळ्याचे जाळे दिसले की आपला हात आपोआप केरसुणीकडे वळतो. अशा या नकोशा प्राण्याची तीस फूट उंच प्रतिमा कोणी राजधानीच्या नगरात उभारली, तर पाहणाऱ्यांनी नाके मुरडावीत यात नवल ते काय? कॅनडातील ऑटावा येथे असेच घडले. तेथील राष्ट्रीय कलासंग्रहालयाने सुमारे ३२ लाख कॅनेडियन डॉलर देऊन कोळ्याचे एक ब्राँझचे शिल्प विकत घेतले आणि २००५ साली ते आपल्या प्रांगणात उभे केले. एका कोळ्यापायी जनतेचा एवढा पैसा का खर्चावा, असे तेव्हा काहींनी विचारले. प्रश्न गैर नव्हता. जनतेच्या पैशाचा हिशेब जनतेने मागावाच. परंतु माझ्या मते तो पैसा वाया गेलेला नाही. असे का, हे कळण्यासाठी प्रथम त्या शिल्पाचे नाव ऐकावयास हवे. ते नाव आहे ‘मामाँ’. फ्रेंच मूल आईला हाक मारते ती याच शब्दाने.

हे शिल्प घडविणाऱ्या लुईझ बूर्जवा यांचा जन्म १९११ साली पॅरिस येथे झाला. धाग्यांनी विणलेले, भिंतीवर टांगावयाचे जुने चित्रमय पडदे दुरुस्त करणे हा त्यांच्या घरचा व्यवसाय. विरलेला भाग त्यांची आई पुन्हा विणून काढीत असे. अशा पडद्यांची खालची बाजू आधी झिजते. त्यामुळे चित्रांतील माणसांचे पाय पुष्कळदा नाहीसे झालेले असत. ते पाय कागदावर रेखाटून देण्याचे काम लहानग्या लुईझकडे आले, तेव्हा ती तुमच्याच वयाची होती. १९३२ साली आई निवर्तली. पुढे १९३८ साली, अमेरिकन पतीबरोबर, त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तेथल्याच झाल्या. तेथे घराच्या गच्चीवर त्या लाकडाच्या उंच, सडपातळ आकृती घडवू लागल्या. फ्रान्समध्ये मागे राहिलेली माणसेच जणू त्यांनी आपल्याभोवती उभी केली.

आईसाठी मात्र त्यांना कोळी सुचला. मराठीत कोळी पुल्लिंगी. फ्रेंच भाषेत या प्राण्याचे नाव स्त्रीलिंगी आहे, म्हणून तेथे ही कल्पना कानाला तितकी खटकत नसावी. कोळ्याचे चरित्र पाहिले तर ती मुळीच खटकू नये. आपल्याच शरीरातून तो रेशीम काढतो, त्याचे जाळे विणतो; आणि ते कोणी मोडले, तर पुन्हा विणावयास लागतो. घरातील डास तो खातो. गवतात धावणाऱ्या एका जातीची मादी तर अंड्यांची पिशवी आपल्या शरीराला बांधून हिंडते व पिले बाहेर आली की त्यांना पाठीवर वाहून नेते. रॉबर्ट ब्रूसला धीर देणाऱ्या कोळ्याची दंतकथा आपण कौतुकाने सांगतो, आणि प्रत्यक्ष कोळी दिसताच त्याचे घर झाडून टाकतो!

हे शिल्प भीतिदायक दिसते, असाही एक आक्षेप आहे. दिसतेच. त्याचे आठही पाय लांब, गाठाळ आणि टोकदार आहेत. पण आई रागावली म्हणजे तीही आपणांस तीस फुटांची भासते. फुलासारखी गोजिरवाणी आई घडविणे सोपे होते; ती खरी वाटली असती, असे मला वाटत नाही. पोलादात घडविलेले मूळ शिल्प २००० साली लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात प्रथम लोकांसमोर आले, तेव्हा लुईझ ८८ वर्षांच्या होत्या. आईला जाऊन ६८ वर्षे लोटली होती.

आता पुन्हा खर्चाकडे वळू. ऑटावाचा कोळी संग्रहालयाच्या आत नाही, बाहेर उघड्यावर आहे. तिकीट नाही, दार नाही. वाटेने जाणारा कोणीही त्याच्या पायांमधून खुशाल चालत जाऊ शकतो. दुरून पाहणाऱ्यास केवळ पायच दिसतात. अगदी पोटाखाली जाऊन मान वर करावी, तेव्हा कुठे ती जाळीदार पिशवी दृष्टीस पडते, आणि तिच्यात जपून ठेवलेली संगमरवराची पांढरी शुभ्र अंडी.