अंदाज आणि घड्याळ

डोळखांब परिसरातील पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला विचारले, "तयारी कशी काय?" तर तो म्हणतो, "एकदम फिट!" मुलीला विचारले तर ती म्हणते, "मला कुठलं जमतंय!" वाचकहो, आमच्या मते दोघांचीही अडचण एकच आहे. दोघांनीही मोजून पाहिलेले नाही.

आजोबाचा डोंगर न थांबता चढणाऱ्याला मैदान सोपे वाटणारच. पण चढणीची चिकाटी वेगळी आणि घड्याळाशी शर्यत वेगळी. २०२२ च्या नियमांप्रमाणे शिपाई पदासाठी मुलांना १६०० मीटर धावावे लागते. पूर्ण २० गुणांसाठी वेळ ५ मिनिटे १० सेकंद, म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी सुमारे ७७ सेकंदांत. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे फेरीला ८५ सेकंद. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. ओढ्यातला दगड फेकून त्याचा अंदाज येत नाही. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी निम्मे मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास मग वहीतच राहतो.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. ५० मीटरची दोरी आठ वेळा टाकून ४०० मीटर आखून घ्यावे. धावण्याआधी "मला इतका वेळ लागेल" असे वहीत लिहावे. मित्राने घड्याळ लावावे आणि खरी वेळ शेजारी मांडावी. आठवड्यातून एकदा असे केले की अंदाज आणि घड्याळ यांतले अंतर दिसू लागते. फुशारकी उतरते, तशी भीतीही उतरते. डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या मुलीला आपला दम किती, हे तेव्हाच कळते.

अंदाज चुकण्याची किंमत कधी फार मोठी असते. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुणांनी प्राण गमावले. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबावे. त्यात कमीपणा नाही. असा त्रास पूर्वी झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

आईवडिलांनो, "आमचा पोरगा वाघ आहे" म्हणण्याआधी त्याची वही पाहा. आणि मुलीला "तुझं काम नाही" म्हणण्याआधी तिच्याही हाती घड्याळ द्या.