चाँद, खाडी आणि एक शेंगाळा

चाँद बघून ईद ठरते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. खाडीचे पाणीही त्याच चाँदावर चालते, हे मात्र आमच्या एका दोस्ताला पटत नव्हते.

मे महिन्याची सुट्टी, चाँदाची 15 तारीख. जोहर पढून आम्ही चौघे दोन कयाक घेऊन सावित्रीच्या खाडीत गरी टाकायला निघालो. काठावरचे चाचा म्हणाले, "उधाणाची ओहोटी आहे, लवकर फिरा."

दोस्त हसले, "चाचा, एवढी मोठी खाडी पळून थोडीच जाणार?"

खाडी पळाली! परत फिरा म्हणून आम्ही विनवत होतो, पण खाण्याचा डबा त्यांच्याच कयाकमध्ये होता. पाणी सरले, दोन्ही कयाक चिखलात बसल्या. दोस्त तावातावाने उतरले ते मांडीपर्यंत रुतले. ओढून काढले, तर चपला खाडीनेच ठेवून घेतल्या. मिळालेला एकुलता एक वीतभर शेंगाळा विषारी काटे रोखून डब्याशेजारी पडलेला. डबा उघडायची कुणाची हिंमत होईना.

मगरिबच्या सुमारास पूर्वेला चाँद वर आला आणि पुढे पाणीही. घरी पोहोचेतो इशा झाली.

तेव्हा मुलांना खाडीवर नेताना लाइफ जॅकेट घालाच, पण चाँदाची तारीखही बघा. 14-15 ला आणि अमावस्येला उधाण, 7-8 ला आणि 21-22 ला भांग. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. कॅलेंडर घरच्या भिंतीवर आहेच. दोस्तांनी आता दुकानातही लावले आहे.