अडखळण्याचा हक्क

यावल तालुक्यातील अनेक मुलांची 'दुसरी भाषा' इंग्रजी नसते, प्रमाण मराठी असते. कुणाच्या घरी लेवा गणबोली, कुणाच्या तडवी, कुणाच्या पावरी; शाळेत मात्र पुस्तकी मराठी. म्हणजे अर्धवट समजत असतानाही वाचत राहण्याचा सराव आम्हांला लहानपणापासूनच असतो. इंग्रजीच्या वर्गात पाऊल टाकताच आम्ही तो विसरतो.

विल्यम फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) ही कादंबरी आम्ही प्रथम वाचायला घेतली, तेव्हा पहिल्या पंधरा पानांतच हरलो. शब्दकोशाचा उपयोग होईना, कारण शब्द सोपेच होते. बेंजीच्या निवेदनात भूतकाळ आणि वर्तमान पूर्वसूचना न देता एकमेकांत मिसळतात. आम्ही मात्र दोष आमच्या इंग्रजीला दिला आणि गाइड विकत आणले. गाइडने सगळे प्रसंग कालानुक्रमे लावून दिले. परीक्षा सुटली, कादंबरी हातची गेली. मातृभाषा इंग्रजी असलेले वाचकही तिथेच ठेचकाळतात, हे फार उशिरा कळले.

भाषेची अडचण वेगळी, पुस्तकाची अडचण वेगळी. पहिली शब्दकोशाने सुटते. दुसरी सोडवायची नसते, तिच्यातून जायचे असते. परभाषेतला वाचक या दोहोंची गल्लत करतो आणि स्वतःला कमी लेखतो.

उलट बाजूने पाहा. बहिणाबाई चौधरींची कविता वाचताना पुण्याच्या विद्यार्थ्यालाही शब्दार्थांच्या टिपा लागतात. पण त्याला मराठी येत नाही, असे कुणी म्हणत नाही. याच तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे अध्यापक होते आणि त्यांनी 'कोसला' (१९६३) मराठीत लिहिली. जोसेफ कॉनरॅडची मातृभाषा पोलिश. इंग्रजी तो विशीत शिकला आणि तिच्यातच कादंबऱ्या लिहिल्या. परकेपणा ही साहित्यातली अपात्रता नव्हे.

गाइडवाचून उत्तीर्ण कसे व्हावे, हा प्रश्न खोटा नाही. गुणांवर पुढचे शिक्षण अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला आम्ही उपदेश करू धजत नाही. अध्यापकांना एवढीच विनंती, की सारांश सांगण्यापूर्वी एक पान वर्गात मोठ्याने वाचावे आणि आपण स्वतः कुठे अडखळलो ते आधी सांगावे. मागच्या बाकावरचा विद्यार्थी मग कदाचित तोंड उघडेल.